तांबड्या फरशीवर

माघातल्या एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. "अण्णा, शनिवारी नगरला यायचं. दोन दिवस राहायचं, खायचं, थोडं फिरायचं. बाकी काही करायचं नाही."

मी विचारलं, "काम काय आहे?"

"हेच काम आहे."

ती पुण्यात असते. लोकांची घरं, दुकानं आतून कशी असावीत हे ठरवून देणं हा तिचा व्यवसाय. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली केल्यावर स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलं काम तिला मिळालं ते नगरला. एका व्यापाऱ्याच्या वडिलांचं शेंगदाणा तेलाचं जुनं गोदाम होतं, त्यात चार खोल्या काढून पाहुण्यांच्या मुक्कामाची जागा करायची होती. पुण्याची माणसं शनिवारी येतील, आपल्याकडचं जेवण नव्या ताटलीत जेवतील, जुना बाजार बघतील आणि रविवारी परत जातील, असा बेत. नगरला हौसेनं राहायला कोण येणार, असं मी तिला आधी विचारलं होतं. पाथर्डीच्या माणसाच्या लेखी नगर म्हणजे कोर्ट, जिल्हा परिषद आणि दवाखाना. काम झालं की दिवस मावळायच्या आत परतायचं.

आता खोल्या तयार होत्या, आणि उघडण्याआधी कुणीतरी एकदा राहून बघायला हवं होतं. शेजारी दुसरं गोदाम रिकामं पडून आहे. त्याचंही काम तिलाच द्यायचं की नाही, हे मालक रविवारी ठरवणार होते.

"मीच कशाला?" मी म्हटलं. "मला त्यातलं काय कळतं?"

"म्हणूनच. ज्याला हॉटेलांची सवय असते तो सगळं सांभाळून घेतो. तुम्हाला जे अडेल ते खरं अडेल."

हो म्हणून मी फोन ठेवला आणि तेव्हापासून माझी झोप गेली. झोप हाच खरा प्रश्न होता. तिला माहीत नव्हतं की गेले दहा महिने मी पलंगावर झोपलो नव्हतो.

बायको चैत्रात गेली. आमच्याकडे घरात मृत्यू झाला की क्रियाकर्म करणारा तेरा दिवस जमिनीवर झोपतो. मीही झोपलो. पुढच्या खोलीत सतरंजी, डोक्याखाली पंच्याची घडी. तेराव्याला मेहुण्यानं डोक्यावर टोपी घातली, सगळ्यांनी गोड घास खाल्ला, दुखवटा निघाला असं जाहीर झालं आणि दुपारच्या गाडीनं माणसं पांगली. आता वर झोपा, असं कुणी म्हणालं नाही. त्यांच्या लक्षात आलं नसेल, किंवा अशी गोष्ट सांगावी लागते हेच कुणाला वाटलं नसेल. त्या रात्री मी सतरंजी टाकली. दुसऱ्या रात्रीही टाकली. मी शाळेत भाषा शिकवली, निवृत्तीपर्यंत ग्रंथालय सांभाळलं, तेरा दिवसांचा नियम कुठून आला असेल हे चार जणांना सांगू शकेन इतपत वाचन आहे. तरीही आपण होऊन त्या पलंगावर चढणं मला जमेना. मधे तीनदा मुलगी घरी आली. मी तिला पलंग देत असे आणि स्वतः पुढच्या खोलीत निजत असे, त्यामुळे तिला शंका येण्याचं कारण नव्हतं.

आता तिच्या खोलीतल्या पलंगावर एक रात्र काढायची होती. नाही जमलं तर तिला सगळं कळणार होतं. आणि तिला कळू दिलं नाही तर तिची चाचणी खोटी ठरणार होती.

शनिवारी सकाळी पिशवी भरताना सतरंजी दोनदा आत घातली, दोनदा बाहेर काढली. तिसऱ्यांदा घातली ती राहिली. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असल्यामुळे एसटीत गर्दी नव्हती. खिडकीपाशी बसून मी पिशवी मांडीवर धरली होती. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वर ठेवा की, कोन नेतंय?" मी नुसता हसलो.

स्टँडवर मुलगी रिक्षा घेऊन उभी होती. गोदाम कॅम्पाच्या बाजूला एका गल्लीत होतं. बाहेरून आधी असेल तसंच, काळ्या दगडाची भिंत आणि एक मोठा दरवाजा. दरवाजात मालक उभे होते. पन्नाशीचे, ठेंगणे, बोलताना हात चोळायची सवय.

"या गुरुजी. पहिलं पाऊल तुमचं."

मी उंबऱ्याशीच थबकलो. वर्ष झालेलं नव्हतं. नव्या वास्तूत दुखवट्यातल्या माणसानं पहिल्यांदा शिरू नये म्हणतात. अंधश्रद्धा या विषयावर मी वर्गात मुलांकडून निबंध लिहून घेत आलो, पण वर्गातल्या निबंधात स्वतःच्या मुलीचं पहिलं काम पणाला लागलेलं नसतं. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "तू हो पुढे."

मालक म्हणाले, "अहो, पाहुणे तुम्ही आहात का ती?"

"तिनं केलंय, तिला जाऊ द्या," मी म्हटलं. तेवढं पटण्यासारखं होतं.

खोली पाहून मात्र मला बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू. भिंतींना चुन्याचा गिलावा, मऊ, उजेड न परतवणारा. मुलीनं छपराच्या सागवानी तुळया तशाच ठेवल्या होत्या. पलंग बुटका, रुंद, दोन माणसांचा, त्यावर पांढरीशुभ्र चादर. उशाच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा. आणि खाली तांबडी फरशी. टाइलचे तुकडे नव्हेत, सिमेंटमध्ये लाल ऑक्साइडचा रंग मिसळून केलेला अखंड कोबा, वरून मेण घासून चकचकीत केलेला. पूर्वी शाळांच्या व्हरांड्यात, डाकबंगल्यांत असायचा तसा. चप्पल काढून पाय ठेवला तर गार लागला. भिंतीला नाक लावलं तर तेलाचा वास अजून होता.

"या फरशीवरून आमची भांडणं झालीत, गुरुजी," मालक मागून म्हणाले. "मी म्हणत होतो टाइल टाक. एका दिवसात बसते, पुसली की झालं. ही म्हणते, टाइलवर अनवाणी चालावंसं वाटत नाही."

"वाटतं का तुम्हाला?" मुलीनं विचारलं.

"मला कुठं काय वाटतंय? मी चप्पल घालतो." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही बघा. उद्या सांगा. फरशीचा निकाल तुमच्यावर."

ते गेल्यावर मुलीनं वही काढली. तिची चाचणीची पद्धत मला तिनं नीट समजावली. पाहुणा तोंडानं जे सांगतो त्यावर ती विसंबत नाही. सकाळी कुणी आवरायच्या आत ती खोली बघते. पाण्याचा पेला कुठे राहिला, टॉवेल कुठे टाकला, कुठला दिवा लावलाच नाही, चादर कुठल्या बाजूला जास्त चुरगळली. "त्यावरून मला कळतं," ती म्हणाली. "म्हणून एक करा, अण्णा. मी सकाळी येईपर्यंत काही म्हणजे काही आवरू नका. मला माहितीय तुमचं." मग पलंगाकडे पाहून म्हणाली, "एक मला विशेष बघायचंय. चष्मा. रात्री झोपताना माणूस चष्मा कुठे ठेवतो. त्यासाठी हा कोनाडा ठेवलाय. भिंतीतला आहे, एकदा चुकला की चुकला."

मी मान डोलावली. पिशवी पलंगाखाली सरकवली. ग्रंथालयात मीही तेच करत असे, हे मला तेव्हा आठवलं. वाचनाच्या स्पर्धेसाठी मुलं पुस्तकं नेत आणि न वाचता परत आणत. वाचलं असं दिसावं म्हणून पानांचे कोपरे दुमडत, कणा मुडपत. मी पुस्तक बाजूनं बघायचो. खरोखर वाचलेल्या पुस्तकाची कड सगळीकडे सारखी मळते.

दुपारी आम्ही बाहेर पडलो. येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुलीनं जाड कागदावर दोन दिवसांचा बेत छापला होता आणि मागे हातानं काढलेला शहराचा नकाशा. विणकरांच्या गल्लीत एका घरात हातमाग बघायचा, जुन्या बाजारात तांब्यापितळेची दुकानं, मग कॅम्पातल्या बेकरीत गरम नानकटाई. बेकरीवाल्यानं वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिली, ती मुलीनं बाकावर सोडली आणि तो कागद किती वेळ बघत बसली. "पाहुण्यांना असाच द्यायचा," ती म्हणाली. "मालकांना खोके छापायचेत."

नानकटाई हातात धरून मी नकाशा बघत होतो. त्यात किल्ला होता, बेकरी होती, स्टँड होतं. स्टँडकडून दवाखान्यांकडे जाणारा रस्ता नव्हता. त्या रस्त्यावर गेल्या वर्षी, बायकोच्या आजारपणात, आम्ही दोघं, मी आणि मुलगी, आळीपाळीनं किती फेऱ्या मारल्या ते सांगता येणार नाही. सगळ्या औषधांच्या दुकानांची कुलूप लावायची वेळ मला पाठ होती. कागदावर त्या जागी तिनं एक झाड काढलं होतं. मला एवढंच वाटत राहिलं की हिला माझ्यापेक्षा जास्त हिंमत आहे, आणि उद्या सकाळी ही खोलीत येणार आहे.

सात वाजताच जेवण झालं. स्वयंपाकाला खर्ड्याकडच्या एक बाई होत्या, साठीच्या आसपास, नऊवारी, कपाळ मोकळं. त्यांनी हुलग्याच्या पिठाचे तुकडे वळून, रश्शात शिजवून शेंगोळी केली होती. काळ्या दगडी ताटलीत चार शेंगोळी, त्यावर कोथिंबिरीचं एक पान.

"चारच का?" मी विचारलं.

"ताईनला इचारा," बाई म्हणाल्या. "मी कढईभर केल्यात. हितं समदं मोजून वाढायचं. पानबी एकच ठिवायचं. दोन ठिवली की ताई एक काढून घेतीया."

मुलगी हसली. "मावशी, फोटो निघतो त्याचा."

"फोटू निघतो, पन मानूस उपाशी निघतो." असं म्हणून त्यांनी माझ्या ताटलीत पळीभर शेंगोळी ओतली आणि ते पान बुडालं. चव आमच्या घरच्यासारखी नव्हती. लसूण जास्त होता. पण मी दोनदा घेतली.

जेवण झाल्यावर मुलगी गल्लीच्या टोकाला मैत्रिणीकडे झोपायला गेली. रात्रीचं सांगण्यासारखं थोडंच आहे. मी पलंगाच्या कडेवर बसलो. आडवा झालो, माझ्या नेहमीच्या बाजूला. दुसरी बाजू सपाट राहिली, चादरीला एक सुरकुती नाही. तिच्याकडे पाठ केली तरी ती सपाट बाजू पाठीला कळत होती. मग मी उठलो, पिशवी ओढली, सतरंजी खिडकीखाली टाकली, पंच्याची घडी डोक्याखाली घेतली. लगेच झोप लागली, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

पहाटे जाग आली ती भीतीनंच. अजून उजाडायचं होतं. मी सतरंजी गुंडाळून पिशवीत कोंबली आणि पलंगापुढे उभा राहिलो. त्याआधी मी आयुष्यात कधी अंथरूण मोडण्यासाठी श्रम घेतले नव्हते. चादर ओढली, पांघरूण अर्धं खाली सोडलं, उशीला मधे मूठ मारून खळगा केला. लांबून बघितलं. फार नीट दिसत होतं. पुन्हा ओढलं. पेल्यातलं पाणी अर्धं ओतून दिलं. स्पर्धेतली ती मुलं पुस्तकाचे कोपरे दुमडताना कशी बसली असतील ते मला त्या दिवशी कळलं. आपल्या सरांना काही दिसणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत असेल.

पंचा उचलला तेव्हा तो तांबडा दिसला.

मी दिवा लावला. घडीची खालची बाजू, जी फरशीला टेकली होती, ती कुंकू सांडल्यासारखी झाली होती. सतरंजी पुन्हा बाहेर काढली. तिच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तोच रंग. सदऱ्याच्या कोपरालाही. मी फरशीवर ओलं बोट घासलं. बोट लाल झालं. दाराजवळ घासलं, तिथं नाही. पलंगापाशी किंचित. खिडकीखाली सगळ्यात जास्त.

फरशीचा रंग सुटत होता. वरून चालून ते कळलं नसतं, निदान आठवडाभर तरी नाही. रात्रभर अंग टेकून झोपणाऱ्यालाच कळणार, आणि या खोलीत पलंग सोडून खाली कोण झोपणार होतं?

माझी पहिली बुद्धी लपवायची झाली. पंचा मोरीत धुतला तर तिथलं पांढरं बेसिन गुलाबी झालं. ते तीनदा पाणी टाकून स्वच्छ केलं, पंचा पिळून मागच्या अंगणात तारेवर आतली बाजू बाहेर करून टाकला आणि दुसरा सदरा घालून खुर्चीवर बसून राहिलो.

साडेसातला मुलगी आली. दारातच थांबून तिनं सगळी खोली एकदा बघितली, मग वही उघडली. पेला, टॉवेल, दिवे. उशीशी थोडा वेळ थांबली.

"झोप लागली?"

"लागली."

"चष्मा कुठे ठेवलात?"

मी कोनाड्याकडे बोट केलं.

"हात पोचला पडल्या पडल्या?"

"पोचला."

तिनं लिहून घेतलं. पेन्सिलीचा आवाज मला ऐकू येत होता. मग म्हणाली, "चला, नाश्ता. मालक नऊ वाजता येतील." आणि ती स्वयंपाकघराकडे वळली. मी मागच्या अंगणात गेलो, पंचा वाळला का ते बघायला. तिथं बाई तारेपाशी उभ्या होत्या आणि त्यांनी पंचा उलटा केला होता.

"गुरुजी, ह्यो कशानं रंगला? होळीला टाइम हाय अजून."

"हळू बोला."

"हळूच बोलतीया." त्यांनी पंचा नाकाशी नेला. "ह्यो फरशीचा. खाली निजला व्हय तुमी?"

"कंबर दुखते. गादी मऊ आहे."

"कंबर न्हाई दुखत तुमची. काल खाली वाकून पिशवी पलंगाखाली सारली ती म्या दारातनं पाह्यली." मग त्यांनी विचारलं, "ताईची आई जाऊन किती दिस झालं?"

"दहा महिने."

"आमच्यातबी भुईवर निजत्यात. पन तेराव्याला उठवत्यात. कुनी उठवलं न्हाई का तुमाला?"

"टोपी घातली."

"टोपी घातली, आन् मानूस भुईवरच ऱ्हायला." त्यांनी पंचा पुन्हा तारेवर टाकला, या वेळी डाग बाहेरच्या बाजूला. "आमचं धनी गेलं तवा मीबी अशीच. वरीस झालं तरी खालीच. एक दिस सुनंनं वाकळ उचलून बाजंवर टाकली. म्हनली, आत्याबाई, खाली ढेकनं झाल्यात. म्या दिवा घिऊन शोधली. एक ढेकूण न्हवता."

मी म्हटलं, "मुलीला सांगू नका."

"म्या कशाला सांगू? तुमीच सांगनार." बाई चुलीकडे निघाल्या, वळल्या. "उद्या पुन्याची बाई पांढरं कापड घालून खाली टेकली, मंग? तवा शेठ ताईला बोलंल. आन् तुमी पाथर्डीत आसाल."

मला मुलीला एकटीला गाठायचं होतं. पण मालक नवाच्या ऐवजी सव्वाआठला आले. बाईंनी थालीपीठ वाढलं. मालकांनी खोली आधीच डोकावून बघितली होती.

"गुरुजी मस्त झोपलेत," ते मुलीला म्हणाले. "पांघरूण पार खाली. माणूस परक्या ठिकाणी असा झोपला म्हणजे खोली पास." त्यांनी हात चोळले. "शेजारचं गोदाम मी मोजून घेतलंय. पाच खोल्या होतील. तुझं काय म्हणणं?"

मुलीनं काही म्हणायच्या ऐवजी पाण्याचा पेला उचलून पुन्हा तिथेच ठेवला. लहानपणी परीक्षेचा निकाल ऐकताना ती असंच काहीतरी हातात घ्यायची. मी थालीपिठाचा तुकडा मोडत होतो. दोन मिनिटं गप्प बसलो तर काम तिचं होईल, आणि मग रंगाचं मी तिला हळूच सांगेन, ती दुरुस्त करेल, कुणाला कळणारही नाही, असा हिशेब मी केला. खोटा नव्हता. पण हे सगळं त्या मोडलेल्या अंथरुणावर उभं होतं, आणि ते अंथरूण मी मोडलं होतं.

"फक्त फरशी राहिली," मालक म्हणाले. "तिथेही हीच घालायची म्हणते. बोला गुरुजी, तुम्ही हो म्हणा की माझं हो."

मी म्हटलं, "रंग सुटतो."

मी उठलो, अंगणातून पंचा आणला आणि टेबलावर ठेवला. ओला होता, टेबलावर पाणी पसरलं.

"खिडकीखाली सगळ्यात जास्त सुटतो. दाराजवळ नाही. पलंगाजवळ थोडा."

मालकांनी पंचा बघितला. "हा तिथे कसा गेला?"

"उशाला घेतला होता. मी खाली झोपलो होतो."

"एवढा पलंग असताना?"

मी मुलीकडे बघितलं नाही. "मी घरीही खालीच झोपतो," मी म्हटलं.

मालकांनी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. उठून खोलीत गेले, आम्हीही मागे गेलो. त्यांनी खिशातला रुमाल पाण्यात बुडवला आणि त्या वजनदार माणसानं गुडघे टेकून खिडकीखाली घासला. रुमाल बघून "हं" म्हणाले.

"पाणी किती दिवस ठेवलं होतं यावर?"

"कोबा पक्का व्हायला सात दिवस ठेवायचं होतं," मुलगी म्हणाली. "चार ठेवलं. तुम्हाला घाई होती. पण चालेल असं मीच म्हणाले."

"मग आता?"

"मेण उतरवून पुन्हा पाणी धरायचं. रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवायचं. मग नव्यानं मेण."

"म्हणजे उघडायचं पुढे गेलं." ते खिडकीला धरून उठले. "शेजारचं नंतर बघू. आधी ही सुटायची थांबू दे." दाराशी जाऊन माझ्याकडे वळले. "गुरुजी, शाळेतही तुम्ही असेच होतात काय? पास होणाऱ्याला दारात अडवणारे?"

"कधी कधी," मी म्हटलं.

"बाकीच्या तीन खोल्याही बघ," ते मुलीला म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण काल जी हौस होती तीही नव्हती. दरवाजा लागल्याचा आवाज आला.

मुलगी पलंगापुढे उभी होती. उशीच्या खळग्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"पांघरुणाचं चांगलं जमलंय. उशीत माणसाचं डोकं नव्हतं, ते मला सकाळी वाटलंच होतं. म्हटलं अण्णा कशाला खोटं बोलतील." तिनं वही उघडून एकेक ओळ खोडली. खोडून झाल्यावर विचारलं, "कधीपासून?"

"चैत्रापासून."

"मी तीनदा घरी आले."

"तू पलंगावर होतीस."

तिनं वही मिटली. मला वाटलं ती रडेल, किंवा कामाचं म्हणून मला बोलेल. तिचं दुसरं गोदाम माझ्यामुळे लांबलं होतं, कदाचित गेलंही होतं. मी खाली झोपलो नसतो तर ते आज सकाळीच तिचं झालं असतं. आणि एखाद्या महिन्यानं नावासकट गेलं असतं, हेही मला माहीत होतं.

ती बाहेर गेली आणि बादली, खराटा आणि पांढऱ्या कापडाच्या फाडलेल्या चौकोनी चिंध्या घेऊन आली. साडीचा पदर खोचावा तसा तिनं ओढणीचा कमरेला वेढा दिला आणि दारापासून पाणी ओतायला सुरुवात केली. पाणी तुळईच्या सावलीवरून सरकत माझ्या पायांपर्यंत आलं.

"पाय वर घ्या, अण्णा."

मी खुर्ची शोधली. खुर्ची तिनं आधीच बाहेर ठेवली होती. खोलीत कोरडं काही उरलं नव्हतं. मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि पाय उचलून धरले.

"असे किती वेळ धराल? नीट वर बसा. वाळेपर्यंत खाली उतरायचं नाही."

"किती वेळ लागेल?"

"दोन-तीन तास."

"माझी तीनची गाडी आहे."

"पाचचीही आहे."

मी पाय वर घेतले. खाली ती गुडघ्यांवर पुढे सरकत होती. एकेक चिंधी ओली करून फरशीवर घासायची, उजेडाला धरायची, तिच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं आकडा लिहायचा आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडायची. दाराजवळच्या चिंध्या पांढऱ्या होत्या. पुढे पुढे त्या फिक्या गुलाबी होत गेल्या. स्वयंपाकघरातून बाईंनी कशाला तरी फोडणी दिली. मी बसल्या बसल्या थकलो होतो. रात्रभर झोप होऊनही का थकलो होतो, ते मला सांगता येत नाही. मी आडवा झालो, भिंतीच्या बाजूला, जी माझी बाजू नव्हती.

चष्मा काढला आणि ठेवायला हात मागे नेला. कोनाडा हाताला लागेना. बोटं गिलाव्यावर चाचपडत राहिली. मी खांदा उचलून पुन्हा प्रयत्न केला.

खालचा घासण्याचा आवाज थांबला होता. मी मान वळवली तर मुलगी गुडघ्यांवर बसून माझ्या हाताकडे बघत होती.

"तसाच ठेवा हात," ती म्हणाली. "हलवू नका."

ती ओल्या पायांनी आली, भिंतीवर माझ्या बोटांच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण केली आणि तिथून कोनाड्यापर्यंतचं अंतर वीत लावून मोजलं. मग चष्मा माझ्या हातातून घेऊन स्वतःच कोनाड्यात ठेवला, आणि वहीत लिहायला लागली.